बाबारावांचा डावा टोंगळा

दारव्ह्याच्या धान्यबाजारात भर हंगामात कुणी नवखा व्यापारी आला, की अडते त्याला आधी बाबाराव दाखवायचे आणि मग माल. "थांबा शेठ, जरा तिकडं पाहा." तिकडं ट्रकला टेकवलेली एक फळी असायची, जेमतेम हातभर रुंद. त्या फळीवरून क्विंटलभर तुरीचा कट्टा डाव्या खांद्यावर घेऊन एक उंच, काळासावळा माणूस वर चढत असायचा. चढणं तरी कसं! हमखास टाळी घेणारा नट विंगेतून बाहेर यावा तसं. मान ताठ, उजवा हात कमरेवर, फळी लवेल तसं पाऊल. वर पोचल्यावर क्षणभर थांबायचं, खालच्या लोकांकडं एकदा बघून घ्यायचं, आणि खांदा असा झटकायचा की कट्टा थप्पीवर जो बसला तो बसला. पुन्हा त्याला हात लावायचं काम नाही.

अडतीस वर्षं बाबाराव ही फळी चढले. एकोणिसाव्या वर्षी ते चार कोसांवरच्या खेड्यातून इथं आले ते खरं म्हणजे पोलिसात जायला. उंची भरली, छाती भरली, धावण्यात पहिले आले आणि लेखी परीक्षेत पडले. गावी कुठल्या तोंडानं जायचं म्हणून दोन दिवस बाजारात पोती उचलली. ते दोन दिवस काही संपले नाहीत. पुढं जया घरात आली. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. राजदीप झाला, मैत्रेयी झाली. राजदीप शिकून पुण्याला गेला, मैत्रेयी बाभुळगावच्या शाळेत मास्तरीण झाली. बाबाराव म्हणायचे, "मी एका पेपरात पडलो. माया पोरायनं सारे पेपर काढले."

फळीच्या खालच्या टोकाला असायचा डोमाजी. बुटका, रुंद, पोट सुटलेला, तोंड कधी बंद नसलेला. हमालीत प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला असतो, आणि ही जोडी पहिल्या हंगामापासूनची. कट्ट्याचं एक टोक डोमाजीनं धरायचं, दुसरं बाबारावांनी. दोघांनी मिळून झोका द्यायचा आणि कट्टा वर गेला की त्याच क्षणी बाबारावांनी त्याच्याखाली शिरायचं. यात बोलणं नाही, मोजणं नाही. एकाचा हात सुटला की दुसऱ्याचा खांदा तिथं असलाच पाहिजे. नसला तर मान मोडते.

सकाळी भेटल्यावर डोमाजी खणखणीत आवाजात म्हणायचा, "जयभीम, लेका!" आणि बाबाराव म्हणायचे, "रामराम, ढोल्या!" जयभीम खरा बाबारावांचा आणि रामराम डोमाजीचा, पण दोघांनी नमस्कारांची अदलाबदल करून टाकली होती. डोमाजीची बायको भागीरथा आणि जया पोळा, दिवाळी, बुद्धपौर्णिमा अशा सगळ्या दिवशी एकमेकींच्या घरी डबे पाठवायच्या. डोमाजी तो डबा वाटेतच उघडायचा, हे दोघींनाही माहीत होतं.

डावा टोंगळा, म्हणजे गुडघा, पन्नाशीनंतर बोलू लागला. आधी नुसता ठणका. मग सूज. मग पाय गुडघ्यातून बाहेर, कमानीसारखा वाकायला लागला. जन्मभर भार डाव्या खांद्यावरून डाव्या पायात उतरला होता, आणि पायानं तो मुकाट्यानं सोसला होता. डोमाजी मागून बघायचा आणि म्हणायचा, "बाब्या, तुह्या दोन टांगांमधून आता बकरी निघून जाईन बे!"

"तुह्या दोन टांगांमधून उजेड तरी निघते काय, ढोल्या?"

हमालांची टोळी हसायची. पण त्या वर्षी बाबारावांनी फळी सोडली. पुढच्या वर्षी कट्टे शिवायचं बसकं काम घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी बसलेलं उठवेना. मग घर. घरात खाट, खाटेपासून संडासापर्यंत अकरा पावलं, आणि त्या अकरा पावलांना जयाचा खांदा.

तो खांदा त्यांना सोसवेना. एके दिवशी पावसानं अंगण निसरडं झालेलं, शेजारच्या दोन पोरांनी त्यांना हातांची खुर्ची करून उचलून आत आणलं. पोरं भली होती. "आजोबा, धरा नीट," म्हणाली. बाबाराव खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले ते रात्रीच्या जेवणालाच उठले. जयाला म्हणाले, "मले आता कोनते कट्टे उचलायचे हाये? मले फक्त कोनी उचलू नये. संडासले मी माया पायानं गेलो पाह्यजे. एवढंच कर माय, त्या डाक्टरले दाखव."

मैत्रेयीनं त्यांना यवतमाळला नेलं. सरकारी योजनेत नाव बसलं. डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"काका, हा तुमचा नडगीचा माथा. सांध्याचा सगळा भार याच्यावर. बाहेरची बाजू पाहा, सपाट आहे. आणि ही आतली बाजू."

तिथं हाड नव्हतंच. जुन्या पायरीचा कोपरा झिजून खाली जावा तसा खळगा होता.

"घराचा एक कोपरा खचला, तर त्याच्यावर कितीही चांगली फरशी घाला, ती कलणारच," डॉक्टर म्हणाले. "नुसता नवा सांधा बसवून भागणार नाही. आधी हा खळगा भरावा लागेल."

"कायनं भरसान? शिमिटनं?"

"तुमच्याच हाडानं. सांधा बसवताना मांडीच्या हाडाचं टोक आम्ही कापतोच. तो तुकडा फेकायचा नाही. घासून, आकार देऊन इथं बसवायचा, दोन स्क्रू मारायचे, आणि त्याच्यावर धातूचा सांधा."

बाबाराव म्हणाले, "म्हंजे संत्र्याचं कलम बांधते तसं."

"अगदी तसंच!" डॉक्टर खुश झाले. "आणि कलम जीव धरेपर्यंत त्याला धक्का लागू द्यायचा नाही. बारा आठवडे. वॉकर घेऊन चालायचं, डावा पाय जमिनीला नुसता टेकवायचा. भार द्यायचा नाही. अजिबात नाही. तो तुकडा खचला, तर दुसरा तुकडा आणायला तुमच्याजवळ हाड उरणार नाही, काका."

ऑपरेशन जुलैच्या शेवटी झालं. पट्टी सुटली तेव्हा जयानं पाहिलं, पाय सरळ होता. लग्नात होता तसा सरळ. तिनं पायाच्या बोटांवरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावला.

बाबारावांनी वॉकर शिकून घेतला. फळीवर जसं मोजून पाऊल टाकायचे तसंच. कॅलेंडरवर जया रोज एक रेघ मारायची. डोमाजी रोज सकाळी यायचा, खाटेच्या पायथ्याशी बसायचा, जयाच्या हातचा चहा दोनदा प्यायचा आणि बाजाराच्या बातम्या सांगायचा. कोण कोणाशी भांडलं, मुकादम शंकरसिंगनं कुणाला झापलं, यंदा सोयाबीन कसं येणार.

"बारा हप्ते झाले की तुले फाटकापावतर नेतो," तो म्हणायचा. "तू फक्त खुर्चीवर बसून शिव्या दे. पोट्टे लय आयशी झाले."

"अन् तू काय करशीन?"

"मी चहा पीन."

आठव्या आठवड्यात, सप्टेंबरातल्या एका सकाळी, डोमाजी आला नाही. साडेआठला मारोतराव, टोळीतला पन्नाशीचा हमाल, सायकल हातात धरून जयाच्या दारात उभा राहिला आणि तिला बाहेर बोलावून घेतलं. डोमाजी घरीच, हातात चहाची कपबशी घेऊन, भिंतीला टेकून बसला होता. तसाच गेला. भागीरथानं दुसऱ्या कपाचं विचारलं तेव्हा कळलं.

जयानं नवऱ्याला एक तास सांगितलं नाही. तो तास तिनं तांदूळ निवडण्यात घालवला, निवडलेलेच पुन्हा निवडले. मग तिच्या हातून ताट पडलं आणि बाबारावांनी तिच्या तोंडाकडं पाहून विचारलं, "कोन?"

ते रडले नाहीत. म्हणाले, "वॉकर दे."

"कुठं जाता? त्याचं घर अर्धा कोस हाये. तुमी नाई जायचं. डाक्टरनं काय सांगतलं?"

"मी कुठं जाऊन राह्यलो? दारात उभा राह्यतो."

टोळीचा एक रिवाज होता. हमाल गेला की घरापासून बाजाराच्या फाटकापर्यंत तो टोळीचा. नातेवाईक मागून चालायचे. आणि पहिला खांदा जोडीदाराचा, पुढच्या उजव्या बाजूला. ज्यानं जन्मभर माझ्या खांद्यावर भार ठेवला, त्याचा भार शेवटी मी घेतो, असा त्याचा अर्थ. बाबारावांना येता येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून शंकरसिंगनं ठरवलं, तिरडी थोडी वाकडी वाट करून बाबारावांच्या गल्लीतून न्यायची. "बिचाऱ्याले निदान हात तं लावू द्या," तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. इतका चांगला विचार त्या दिवशी दुसऱ्या कुणाला सुचला नसता, आणि त्यात कुणाचं काही वाईट असं नव्हतंच.

गल्लीच्या तोंडाशी "रामनाम सत्य है"चा आवाज आला तेव्हा बाबाराव ओट्याखाली वॉकर धरून उभे होते. अंगात पांढरा सदरा. जया मागं, दाराच्या चौकटीला धरून. डोमाजीचा मुलगा अमर पुढं विस्तवाचं मडकं घेऊन आला, बाबारावांना पाहून त्याचा हुंदका फुटला. तिरडी त्यांच्यासमोर येऊन थांबली. डोमाजी मेल्यावर अजूनच जड झाला होता. चौघांच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या.

"लावा हात, भाऊ," शंकरसिंग हळूच म्हणाला.

पुढच्या उजव्या बाजूला मारोतराव होता. जोडीदार समोर उभा आहे आणि आपण त्याच्या जागी, हे त्याला बरं दिसेना. बाबारावांना नीट हात लावता यावा म्हणून तो बांबूखालून बाजूला सरकला. त्याला वाटलं, मागचा पुढं हात देईल. मागच्याला वाटलं, मारोतराव एका हातानं धरूनच आहे.

तिरडी कलली. डोमाजीचं डोकं उजवीकडं झुकलं.

पुढं जे झालं ते बाबारावांनी केलं असं म्हणणं अवघड आहे. वॉकर आडवा पडल्याचा आवाज झाला आणि बांबूखाली त्यांचा डावा खांदा होता. अडतीस वर्षांची सवय. भार सुटला की खाली शिरायचं. डोकं तिथं पोचायच्या आत अंग पोचलं होतं.

"सोडा! अवो, सोडा ते!" जया किंचाळली. मारोतराव धावत आला, "भाऊ, द्या माह्याकडं, द्या!"

हा क्षण होता, जेव्हा ते बाहेर येऊ शकत होते. बाबारावांना तो कळला. पण त्यांच्या कानाजवळ, वीतभर अंतरावर, डोमाजीचं डोकं होतं, गुलालानं भरलेलं. ते म्हणाले, "चला."

गल्लीचं टोक तिथून चाळीस पावलं. मान ताठ, उजवा हात कमरेवर. डावा पाय पूर्ण टेकत होता. जया वॉकर उचलून मागून धावत होती आणि तिला लाज सोडून ओरडायचं होतं, पण मेलेल्या माणसापुढं ओरडायचं कसं? टोळीतली माणसं रडत होती. गल्लीतल्या बायाही पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या चाळीस पावलांत कुणाला काही वावगं दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की बाबाराव पुन्हा चालत आहेत.

टोकाशी विसाव्याला तिरडी टेकवली. बाबाराव वॉकरला धरून उभे राहिले. तोंडावर घाम होता. "काई नाई झालं," ते जयाला म्हणाले. "पाह्य. काई नाई."

खरोखरच दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा गरम लागला. पाचव्या दिवशी जयाला दिसलं की पावलाचा अंगठा थोडा आत पाहतो आहे. तिनं विचारलं, तर ते म्हणाले, "तुले उगाच तसं दिसते." तिनं कॅलेंडरवर रेघा मारणं चालू ठेवलं, कारण बंद केलं असतं तर त्याचा अर्थ दोघांना बोलून दाखवावा लागला असता.

बाराव्या आठवड्यात मैत्रेयी त्यांना यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. बसवलेला तुकडा चिरडून खाली बसला होता. एक स्क्रू वाकला होता. धातूचा सांधा आतल्या बाजूला कलला होता, खचलेल्या कोपऱ्यावरच्या फरशीसारखा.

"हे आपोआप होत नाही. पाय घसरला का? काही उचललं का?"

मैत्रेयी वडिलांकडं पाहत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबाराव म्हणाले, "मोरीत पाय घसरला, साहेब. भिंत धरली, पण सगळा भार याच्यावरच आला."

डॉक्टरांनी जयाकडं पाहिलं. "मावशी, मी सांगितलं होतं ना, मोरी कोरडी ठेवा. तुमच्या घरातून एवढी एकच काळजी हवी होती."

जयानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "चुकलं माझं."

"आता पुन्हा उघडावं लागेल. या वेळी हाड नाही, धातूचा ठोकळा आणि लांब दांडी. पण साखर वाढली आहे, सूज आहे. आत जंतू आहेत का ते आधी पाहावं लागेल. आणि खरं सांगू का काका, पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही."

"मंग राहू द्या," बाबाराव म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये मैत्रेयी पुढं बसली होती. मागं जया खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणाली, "डाक्टरसमोर मायं नाव काहून?"

"तुह्यं नाई घेतलं. मोरीचं घेतलं."

"खरं सांगायले काय झालतं?"

"भागीरथाच्या कानावर गेलं असतं. नवरा गेला तिचा. वरून माया पायाचं पाप त्याच्या नावानं लागन. तिच्या कपायी हे कायले?"

"अन् माया कपायी?"

नेरचं वळण आलं, गेलं. मग बाबारावांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतरच्या दिवसांत पाय पुन्हा वाकला, पहिल्यापेक्षा जास्त. वॉकर घेऊन खाटेपासून दारापर्यंत. संडासाला जयाचा खांदा. एक दिवस तोही पुरला नाही, आणि शेजारची पोरं आली. या वेळी बाबाराव भिंतीकडं वळले नाहीत. "धरा नीट," तेच पोरांना म्हणाले.

दिवाळीनंतर भागीरथा आली. तिनं ऐकलं होतं. पांढऱ्या कपाळानं खाटेसमोर उभी राहून तिनं आधी जयाला फैलावर घेतलं.

"तुले समजत नाई काय वं? इतकं मोठं आपरेशन अन् मोरीत पानी? मी रोज आली असती घासायले, मले एक निरोप नाई! माया माणूस गेला म्हनून का मी मेली होती?" मग बाबारावांकडं वळून, "अन् तुमी भाऊ! त्याले खांदा देल्ला तेव्हा काही झालं नाई, अन् मोरीत पडता? तो असता तं हसून हसून मेला असता."

बाबाराव हसले. "हो ना, वहिनी. बुढा झालो."

जया चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी भागीरथा पुन्हा आली. काखेत गुंडाळी होती. काळ्या रबराची, जाड, वर दाणे उमटलेली चटई, मोरीत टाकायची. "बाजारभर फिरली, पातळ्याच मिळत होत्या. ही घसरत नाई म्हने दुकानवाला." कुणी काही म्हणायच्या आत ती मोरीत शिरली, ओणवी झाली, चटई पसरली, कोपरे हातानं दाबले. घरभर नव्या रबराचा वास पसरला. मग ती दाराशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"या भाऊ. चालून दाखवा. मले माया डोयानं पाहू द्या."

जयानं बाबारावांकडं पाहिलं. बाबारावांनी वॉकर जवळ ओढला. जयाच्या खांद्यावर हात टेकून उठले, वॉकर पुढं टाकला, डावा पाय ओढला, पुन्हा वॉकर. मोरीच्या उंबऱ्याशी जयानं त्यांची कंबर धरली. ते चटईवर उभे राहिले. दातांवर दात होते.

"कसं वाटते? घट्ट हाये ना?" भागीरथानं विचारलं. तिच्या डोळ्यांत डोमाजी गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी बरं केल्याचा उजेड होता.

"हो वहिनी," बाबाराव म्हणाले. "आता नाई घसरत."